कपाशीला टोचलं, असं म्हणतात

धुळे,
ता. ४ ऑगस्ट १९५८

चि. सौ. लतास अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सुनंदा सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला, वाचून समाधान वाटलं. अभिमनला माझे आशीर्वाद कळव. सूनबाई हिंडूफिरू लागेपर्यंत बेबी चोपड्याहून तुझ्याकडे राहायला आली हेही ठीक झालं. मात्र ती तुझी नात असली, तरी तिच्या आईने ती तुझ्या हवाली केली आहे एवढं ध्यानात असू दे. पाच वर्षांचं मूल आणि तुझा विसराळूपणा, दोन्ही मला ठाऊक आहेत.

माझा पाय अजून प्लास्टरात आहे. न्हाणीघरात घसरले त्याला कोणाचा दोष नाही, शेवाळ मीच घासलं नव्हतं. दसऱ्यापर्यंत घराबाहेर पडणं नाही.

आता कामाचं. आमच्या कोपऱ्यावरचा वना शिंपी गेला. त्याचंच पाळलेलं मांजर त्याला चावलं होतं. त्या मांजराला आधी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं हे सगळ्या गल्लीला माहीत, पण मांजर चावल्याने माणूस मरतं यावर कोणाचा विश्वास नव्हता. इस्पितळात नेला तेव्हा त्याला पाण्याचा पेलासुद्धा पाहवत नव्हता. पुढचं लिहीत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरी बोलावलं आणि माझ्या बोक्याला, दिवाणजीला, लस टोचून घेतली. कुत्र्यांना देतात तीच, मांजराला थोडी कमी. दरवर्षी पुन्हा टोचावी लागते. एकदा टोचून जन्माची निश्चिंती नाही. दिवाणजीने डॉक्टरांचा सदरा फाडला आणि तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला. शेजारच्या इंदूच्या सासूने दारात उभं राहून शेरा मारला, "इतलं शिकीसनी बाई मांजरले सुई टोची ऱ्हायनी." मारू दे.

तुझ्या मांजरीला, कपाशीला, याच महिन्यात टोचून घे. बेबी तिला कुशीत घेऊन झोपते असं तूच लिहिलं आहेस. जीवरामरावांना सांग, हे काम गणपतीच्या वर्गणीच्या आधीचं आहे.

माया आहे म्हणूनच दटावते, असं समज.

तुझी,
इंदिरा


जळगाव,
ता. १० ऑगस्ट १९५८

ती. सौ. नव्हे, ती. अक्का, शि. सा. न. वि. वि.

प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला हात आपोआप सौ. लिहायला जातो आणि तुझ्या भुवया आठवून थांबतो. रागावू नकोस.

वनाचं वाचून दोन घास कमी गेले. यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. आधी हसले. म्हणाले, आता उंदरांनाही देवी टोचून घेऊ. पण तुला माहीत आहे ना यांचा स्वभाव, एखादी गोष्ट नवी आहे आणि गल्लीत अजून कोणी केलेली नाही म्हटलं, की यांच्या अंगात येतं. संध्याकाळी ओट्यावर बसून चारचौघांना लशीवर व्याख्यान दिलं. इथल्या गुरांच्या डॉक्टरांशी बोलूनही आले. पुढच्या मंगळवारी मांजर घेऊन या, असं ते म्हणालेत.

अडचण एवढीच, की कपाशी आमच्या एकट्यांची नाही. पलीकडचं रतनलालजींचं धान्याचं दुकान तू पाहिलंस. ती दिवसभर तिथल्या पोत्यांवर असते आणि रात्री आमच्याकडे. त्यांच्या घरच्या लाडकुंवरबाई तिला राणी म्हणतात. मांजर पाळलंय का म्हणून विचारलं तर नाही म्हणतात. ती येते, आम्ही दूध ठेवतो, बाकी ती काय खाते ते तिचं तिच्यापाशी. जैन घरात उंदरांवर मांजर ठेवलं असं कसं म्हणायचं, म्हणून ही वाट काढली आहे. यांनी त्यावरून त्यांना पुष्कळदा चिडवलंय, त्याही हसतात.

पण परवा लशीचं निघालं तेव्हा त्यांनी ती कशापासून करतात म्हणून विचारलं. यांनी मुद्दाम रंगवून सांगितलं, की मेंढीच्या मेंदूपासून. बाई गप्पच झाल्या. आत निघून गेल्या. मी नंतर यांना बोलले, की चातुर्मास चालू आहे, असलं कशाला सांगायचं. हे म्हणाले, शास्त्राला चातुर्मास नसतो.

बेबी मजेत आहे. कपाशीला झबलं घालायचा तिचा खटाटोप चालला आहे.

धाकटीवर जीव आहे तसाच राहू दे.

लता


धुळे,
ता. १४ ऑगस्ट १९५८

चि. सौ. लतास अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. मला लाडकुंवरबाईंचं गप्प होणं आवडलेलं नाही. ज्या बाईला नको असतं ती बोलून दाखवते, आणि ज्या बाईला नको असूनही नाही म्हणायचं नसतं ती गप्प बसते. एकतीस वर्षं मुलींची शाळा चालवली आहे. गप्प बसणाऱ्या मुलींच्याच दप्तरात कैऱ्या सापडायच्या.

तिच्या धर्माबद्दल मला आदर आहे. उगाच जीव दुखवू नये हे मलाही पटतं. पण मेंढीची दया आणि बेबीची काळजी यात मला निवड करायला लावू नका. मांजर मंगळवारी तिच्या दुकानातून निघणार असेल तर तिच्यावर सोपवू नकोस. तू स्वतः धर, स्वतः टोपलीत घाल, आणि जीवरामरावांबरोबर दवाखान्यात जा. सुई आत जाताना डोळ्यांनी बघ. मला ‘झालं’ हा शब्द पुरत नाही.

जीवरामरावांनी गल्लीत व्याख्यान दिलं हेही बरं नाही. ज्याची दवंडी आधी पिटली जाते त्या कामात माणसाचं लक्ष कामाकडे कमी आणि बघणाऱ्यांकडे जास्त असतं.

बेबीला सांग, मांजराला झबलं आवडत नाही. तिला स्वतःला कोणी पोत्यात घातलं तर आवडेल का, विचार.

आठवणीने कळव, नाहीतर तार करायला लावशील.

इंदिरा


जळगाव,
ता. २४ ऑगस्ट १९५८

ती. अक्का, शि. सा. न. वि. वि.

तार नको, सगळं व्यवस्थित पार पडलं. कपाशीला लस दिली.

तू म्हणालीस तसं मी जायला निघालेच होते. पण त्या दिवशी सकाळपासून बेबीचं अंग कोमट होतं, तिला कोणापाशी ठेवायचं? म्हणून हे एकटेच गेले. टोपली आमचीच, झाकणाची बांबूची. कपाशी दुकानात होती, आणि तुझ्या संशयाला चपराक म्हणून लिहिते, लाडकुंवरबाईंनीच तिला हाताने उचलून टोपलीत घातली आणि झाकणावरून फडकं बांधलं. मी खिडकीतून पाहिलं. हे तोवर ओट्यावर चहा घेत होते. टांगा आला, सगळी गल्ली जमली होती, कोणी म्हणालं मांजरीची वरात निघाली. यांनी टोपली मांडीवर घेतली आणि सर्वांना हात करून निघाले.

दोनेक तासांत परत आले. डॉक्टरांनी फार वाखाणलं म्हणे, की असे नागरिक हवेत. कपाशीने जाता-येता हूं की चूं केलं नाही. टोपली त्यांनी मागच्या बोळातच उघडली, कारण एकदा सुटली की ती पळणार हे माहीत होतं. संध्याकाळी ती नेहमीसारखी दुकानाच्या पायरीवर अंग चाटत बसली होती.

आता तुझ्या जिवाला शांतता लाभो. तिकडे दिवाणजी कसा आहे? त्याचा राग गेला का?

यांचा नमस्कार. हे सध्या गणपतीच्या मंडपाच्या गडबडीत आहेत, यंदा अध्यक्ष केलंय ना.

दुरूनही असाच हात डोक्यावर असू दे.

लता


धुळे,
ता. २९ ऑगस्ट १९५८

चि. सौ. लतास अ. आ. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला शांतता लाभलेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी तुझ्याकडे आठ दिवस होते. तुझ्या कपाशीला मी एकदा पलंगावरून नुसतं खाली ठेवलं, तर तिने घर डोक्यावर घेतलं होतं. ती मांजर टांग्यात, रस्त्याच्या गोंगाटात, झाकलेल्या टोपलीत, सुई टोचून घेऊन, जाता-येता गप्प राहिली? दिवाणजी चार दिवस माझ्याकडे पाठ करून जेवला. तुझी त्याच संध्याकाळी पायरीवर अंग चाटते?

मला वाटतं ती दुसरीच मांजर होती. धान्याच्या दुकानात पांढऱ्या मांजरांना तोटा नसेल. तू खिडकीतून पाहिलंस म्हणतेस, पण खिडकीतून पांढरं काहीतरी दिसलं असेल. नको असलेली गोष्ट गोडीने पार पाडणाऱ्या माणसांची मला धास्ती वाटते.

तू एवढंच कर. जीवरामरावांना सहज विचार, सुई कुठे दिली. मानेवर की मांडीवर. आणि पुढची लस कधी म्हणाले डॉक्टर. लाडकुंवरबाईंसमोर विचारू नकोस.

मला खोचक म्हण. माझी हरकत नाही.

इंदिरा


जळगाव,
ता. १९ सप्टेंबर १९५८

ती. अक्का, शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. खरं सांगू, मुद्दामच केला. तुझं मागचं पत्र वाचून मला वाईट वाटलं. तुझ्या शाळेतल्या मुली मोठ्या होऊन आया झाल्या, पण तू अजून सगळ्यांची दप्तरं तपासतेस. मी यांना विचारलं, सुई कुठे दिली. हे म्हणाले, डॉक्टरने दिली. मग म्हणाले, मांजरीला देतात तिथे. पुढची कधी, तर म्हणाले, अक्कांना सांग की पंचांगात बघून कळवतो. थट्टाच करायची तर मी तरी कितीदा विचारणार?

आणि लाडकुंवरबाईंबद्दल तू असं मनात आणायला नको होतंस. परवा त्यांची संवत्सरी झाली. दरवर्षीप्रमाणे हात जोडून घरोघर क्षमा मागायला आल्या. वर्षभरात कळत-नकळत काही दुखवलं असेल तर माफ करा, असं आपण म्हणतो त्याहून किती मनापासून म्हणतात. मला म्हणाल्या, बेबीला म्हणाल्या. यांच्यासमोर जरा जास्तच वाकल्या आणि राणीच्या बाबतीत माझं चुकलं, तुम्हाला त्रास झाला, असं म्हणाल्या. हे घाईघाईने असू द्या, असू द्या म्हणत मंडपाकडे निघून गेले. मांजरीबद्दलसुद्धा क्षमा मागणारी बाई तुला लबाड वाटते.

एक सांगायचं राहिलं, पण काळजी करू नकोस. गेल्या महिन्याच्या शेवटी कपाशीला एका मोकाट कुत्र्याने मानेला धरलं होतं. जखम भरली. त्या कुत्र्याला नंतर म्युनिसिपालिटीच्या माणसांनी मारलं, ते चार-दोघांना चावलं होतं म्हणे. आणि परवा बेबी झबलं घालायला गेली तेव्हा कपाशीने तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. दोन दात लागले. धुऊन हळद भरली. कालपासून कपाशी जिन्याखाली अंधारात बसून आहे, दुधाला तोंड लावत नाही, तोंडातून लाळ गळते. ताप असावा.

हेच काल रात्री म्हणाले, की बेबीला इस्पितळात नेऊन पोटात सुया देऊन टाकू या का, उगाच खात्रीला. मी साफ नको म्हटलं. चौदा सुया पोटात, त्या एवढ्याशा जिवाला? कपाशीला तर लस दिलेली आहे. मग हे काही बोलले नाहीत. दोन दिवस नीट जेवतही नाहीत, गणपतीची दगदग फार झाली.

रागावली असशील तरी पत्र टाक.

लता


धुळे,
ता. २१ सप्टेंबर १९५८

श्री. जीवरामराव यांस, स. न. वि. वि.

हे पत्र आपल्या नावे आहे, लताच्या नाही. आपल्याला तार मिळालीच असेल. बेबीला आजच्या आज इस्पितळात नेऊन सुया सुरू कराव्या आणि मांजराजवळ कोणालाही जाऊ देऊ नये. हे पत्र पोचेल तेव्हा पहिली सुई झालेली असावी.

मी महिनाभर आपल्या शेजारणीवर संशय घेत होते. लताच्या कालच्या पत्राने माझं मत बदललं. आपण लशीवर हसला होता. मग तिचं कौतुक केलंत. कौतुक करणाऱ्या माणसाला लस दिलेल्या मांजराच्या चाव्यावर बेबीला सुया द्याव्यात असं रात्री का सुचलं? आणि लताने नको म्हटल्यावर आपण वाद का घातला नाहीत? आपण तर बाजारात भेंडीवरूनही वाद घालता. वाद घालायला कारण सांगावं लागलं असतं, ते आपल्याला सांगायचं नव्हतं, असा मी अर्थ घेते.

कपाशीला लस दिली गेली नाही. कशी, ते आपल्याला माहीत आहे. मला ते ऐकायची हौस नाही. पण लताला ते आज कळलं पाहिजे, आणि आपल्याच तोंडून कळलं पाहिजे. नाहीतर ती प्रत्येक सुईला ही गरज नसताना दिली म्हणून रडेल आणि मध्येच बंद करील. अर्धवट सुयांनी मूल वाचत नाही.

वयाने मी मोठी आहे म्हणून लिहिते असं नाही. त्या मुलीच्या आईने ती आपल्या घरी ठेवली आहे.

इंदिरा


जळगाव,
ता. २२ सप्टेंबर १९५८

ती. अक्का यांस, शि. सा. न. वि. वि.

तार काल दुपारी पोचली. बेबीला तासाभरात इस्पितळात नेलं. पहिली सुई काल झाली, दुसरी आज झाली. रोज मी नेतो. कपाशी आज पहाटे मेली.

मांजर टोपलीत नव्हती.

लताला सांगितलं आहे. बाकी ती लिहील. मला लिहिता येत नाही.

आपला,
जीवराम


जळगाव,
ता. २७ सप्टेंबर १९५८

ती. अक्का, शि. सा. न. वि. वि.

आज सातवी सुई झाली. बेबीचं पोट ढोलकीच्या पुड्यासारखं घट्ट झालंय, कुशीवर वळवत नाही. मनगटाची जखम वाळली. ताप नाही. डॉक्टर सांगतात, चावा आणि पहिली सुई यात फार दिवस गेले नाहीत, धीर धरा. चौदा झाल्यावरही पुढे महिनाभर लक्ष ठेवायचं आहे. मी तिला पाणी पिताना बघते, अक्का. दिवसातून किती वेळा पाणी देते त्याचा सुमार नाही. प्रत्येक घोट ती गिळेपर्यंत मी पेल्यावरचा हात काढत नाही.

तार आली तेव्हा हे घरीच होते. वाचली आणि हातात धरून बसले. मला वाटलं, तिकडे तुझ्या जिवाचं काही झालं. मग उठून शेजारी गेले आणि लाडकुंवरबाईंना घेऊन आले. एकटं सांगणं यांना झेपलं नाही. म्हणजे सांगायचं यांनीच असं तू लिहिलं होतंस, पण ते पत्र यायच्या आधीच हे घडलं. यांनी तार माझ्या हातात ठेवली आणि बाईंकडे पाहिलं. शेवटी त्या बाईच म्हणाल्या. लग्न होऊन त्या एरंडोलकडच्या खेड्यात आल्या होत्या, अजून तिथलीच बोली बोलतात.

"टोपली रिकामी व्हती, माय. हाई भाऊले मालूम शे."

चातुर्मासात कुठलंही जनावर बांधायचं-कोंडायचं नाही, असा त्यांचा नेम. आमच्या भिडेखातर त्यांनी कपाशीला टोपलीत घातलं, फडकं बांधलं, आणि ती आत ओरडू लागली तसं त्यांना राहवेना. सोडून दिली. मग तशीच झाकण लावलेली टोपली यांच्या हातात देताना हलक्या आवाजात सांगितलंही, की सोडली हो, मला कोंडवत नाही, तुम्हीच धरून न्या. पण दारात टांगा उभा, सगळी गल्ली जमलेली, आठवडाभर यांनी शास्त्र शिकवलेलं. आता मांजर पळाली म्हणून सांगायचं आणि लोकांसमोर पोत्यांखाली वाकून तिला धुंडायचं, हे यांना लाजिरवाणं वाटलं. रिकामी टोपली मांडीवर घेऊन स्टेशनपर्यंत गेले, तिथे बाकावर बसून चहा प्यायले, आणि परत आले. मनात होतं, पुढच्या आठवड्यात गुपचूप नेऊ. मग मंडप, वर्गणी, आरास.

बाईंना वाटत होतं, यांनी मागाहून नेलंच असेल. संवत्सरीला म्हणूनच खास क्षमा मागितली, आणि हे असू द्या म्हणाले ते त्यांना खरं वाटलं. बेबीला चावल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. कळलं तशा आत जाऊन चपला घालून आल्या आणि बेबीला कडेवर घेऊन टांग्यात बसल्या. रोज येतात. सुईच्या वेळी बेबीचे हात त्याच धरतात, माझ्याने बघवत नाही. औषध तेच आहे, मेंढीचं, हे त्यांना माहीत आहे. एका शब्दाने त्यांनी विचारलं नाही.

मी यांच्याशी बोलत नाही. भांडलेही नाही. ताट वाढते आणि उठून बेबीपाशी जाते.

तुझ्या मनात आमच्यासाठी जागा असेल तेवढी असू दे.

लता


धुळे,
ता. १ ऑक्टोबर १९५८

चि. सौ. लतास अ. आ. वि. वि.

चौदाच्या चौदा सुया पुऱ्या करा. मुलीला पाणी तहान लागेल तेव्हा दे, तुला भीती वाटेल तेव्हा नको.

लाडकुंवरबाईंबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं. त्यांना माझा नमस्कार सांग आणि ही पत्रं त्यांना वाचून दाखवू नकोस. माझ्या संशयाची दिशा चुकली, एवढं मी मान्य करते. संशय मात्र चुकला नव्हता. बाईंनी नेम पाळला आणि तो उघड सांगितलाही. लपवलं ते आपल्या माणसाने.

तू जीवरामरावांशी बोलत नाहीस. किती दिवस? मी लग्न केलं नाही, तेव्हा या बाबतीत मला कळतं असं मी म्हणणार नाही. तो माणूस वाईट नाही. लोकांच्या हसण्याला भ्यायला. लोकांच्या हसण्याला न भिणारी माणसं मला आयुष्यात फार थोडी भेटली, आणि त्यांच्याबरोबर राहायला कोणाला आवडत नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. सुनंदा बेबीला न्यायला येईल तेव्हा तिला कोण सांगणार? तिला बेबीच्या पोटावरच्या खुणा दिसतील. मांजर चावली, सुया दिल्या, बरी झाली, एवढं सांगून भागवता येईल. तसं करू नका.

इंदिरा


जळगाव,
ता. १८ जानेवारी १९५९

ती. अक्का, शि. सा. न. वि. वि.

तीळगूळ मिळाला. पाठवणारीच्या मानाने फारच गोड होता.

बेबी सुखरूप आहे. चोपड्याच्या डॉक्टरांनीही पाहिली, आता धोका गेला म्हणाले. हे अभिमनच्या पत्रातून कळलं.

तू दसऱ्यानंतर येऊन गेलीस, त्यामुळे सुनंदा आली त्या दिवशीचं तुला ठाऊक आहे. यांनीच सांगितलं, तेही जेवायच्या आधी, तान्ह्या नातवाला मांडीवर घ्यायच्याही आधी. सगळं सांगितलं, टांगा, स्टेशन, चहा. ती रडली नाही, रागावली नाही. यांना वाढलं, वरून तूप घातलं. दुसऱ्या दिवशी बेबीला घेऊन गेली. जाताना दिवाळीला येऊ म्हणाली.

दिवाळीला पत्र आलं, बाळाला सर्दी आहे. संक्रांतीला पत्र आलं, थंडी फार आहे. थंडी चोपड्याला तेवढीच जळगावला. अभिमन एकटा येऊन गेला, त्यानेही विषय काढला नाही. मी सुनंदाच्या जागी असते तर मीही पाठवलं नसतं, असं तू म्हणशील. मीही तेच म्हणते.

मधल्या काळात रतनलालजींच्या दुकानात एक पिल्लू आलं आहे, काळं-पांढरं. त्याला अजून नाव नाही. आपलं की तुमचं, हे ठरवायचं राहिलंय. सुनंदाला सहज लिहिलं होतं, तर तिचं उलट टपाली कार्ड आलं. त्यात दुसरं काही नव्हतं. पिल्लाला टोचलं का, कधी टोचलं, आणि टोचताना कोण समोर होतं. मला वाटलं तुझंच अक्षर.

पिल्लू टोचण्याजोगं मोठं झालं की डॉक्टर कळवणार होते, ते गेल्या सोमवारी म्हणाले आणा. हे भर सकाळी दुकानात शिरले आणि गल्लीदेखत पोत्यांखाली आडवे होऊन त्याला धरलं. ते जोरात ओरडत होतं. लोक हसले, कोणीतरी मागच्या वरातीची आठवण काढली. हे त्याला तसंच उघडं, छातीशी धरून चालत दवाखान्यात गेले. मी बरोबर होते. सुई मांडीवर दिली. यांच्या मनगटावर ओरखडे आले, ते डॉक्टरांनी धुतले. पुढची वर्षाने. घरी आल्यावर सुनंदाच्या कार्डाला उत्तर यांनीच लिहिलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही आणि मी मागितलं नाही.

आम्ही बोलतो आता. मीठ, दूध, किल्ली, असं बोलतो. भाजी आणली म्हणाले की मी पिशवीत बघते. माझ्याही नकळत हात जातो. यांना दिसतं.

यांच्या पत्राला सुनंदाचं उत्तर अजून आलेलं नाही. चोपड्याची गाडी दुपारी येते. हल्ली त्या सुमाराला हे टोपी घालून स्टँडकडे जातात आणि गाडी रिकामी झाली की परत येतात. कोणाला आणायला जाता, असं मी विचारत नाही. जेवण तेवढं झाकून ठेवते.

लोभ उणा होऊ देऊ नकोस.

लता